आमचे राखीव गोलंदाज

तहान लागल्यावर विहीर खणावयास निघणाऱ्या मनुष्यास आपण सर्वजण हंसतों. परंतु हीच चूक आपल्या हातून किती वेळां होते, याचा हिशेब मात्र कोणी ठेवीत नाहीं. आम्हीं ती चूक केली. तिचें मोल आम्हांला द्यावें लागलें असतें तर गोष्ट वेगळी होती. तें एका चवदा वर्षांच्या मुलास द्यावें लागलें. ती हकीकत येथें सांगावयाची आहे. शाळेच्या वार्षिकांतील खेळाविषयींचे लेख बहुधा जिंकलेल्या सामन्यांचे असतात. हा लेख एका पावसाळ्याचा आहे.

नरखेड तालुक्यांतील एका शाळेंत क्रिकेटच्या संघाची देखरेख गेलीं कांहीं वर्षें आमच्याकडे आहे. आमचा तालुका नागपूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, वर्धा नदीच्या खोऱ्यांत. जमीन काळी, आणि त्या काळ्या जमिनींत संत्र्यांच्या बागा. उन्हाळ्यांत भेगाळणारी व पावसाळ्यांत पायाला गोळा होऊन चिकटणारी ही जमीन संत्र्याला मानवते. क्रिकेटला ती फारशी मानवत नाहीं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मैदानांत उतरण्याची सोय नसते. बागांतून आंबिया बहाराचीं फळें उतरावयास लागलीं म्हणजे, ऑक्टोबराच्या सुमारास, आमचा खेळ सुरू होतो, आणि परीक्षा जवळ आल्या म्हणजे संपतो. मधले महिने आम्ही रिकामे समजत होतों. सर्व अनर्थाचें मूळ त्या समजुतींत होतें.

२०२२ च्या हिवाळ्यांत आमच्या संघांत नववींतील एक गोलंदाज होता. उंच, सडपातळ, उजव्या हाताचा. त्याचा चेंडू टप्पा पडल्यावर किंचित् बाहेर जाई, आणि समोरच्या मुलाची बॅट तेथें नेहमीं उशिरां पोंचे. घरीं वडिलांची लहानशी बाग. तिचें काम सांभाळून तो मैदानावर येत असे. संघांत आणखी दोघेतिघे चेंडू टाकीत, परंतु ते केवळ षटकें भरून काढण्यापुरते. अडचण आली कीं त्याच्याकडे चेंडू, हा आमचा एकच डावपेंच होता. तो प्रत्येक वेळीं साधे, म्हणून दुसरा शोधण्याची आम्हांला गरज भासली नाहीं.

२०२३ च्या जानेवारींत एका स्थानिक स्पर्धेसाठीं आम्हीं संघ नेला. एका गोलंदाजानें किती षटकें टाकावींत, यावर त्या स्पर्धेंत कांहीं बंधन नव्हतें. चार दिवसांत तीन सामने झाले, आणि त्या तीन सामन्यांत या मुलानें ३१ षटकें टाकलीं. शेवटच्या दिवशीं त्याची धांव मंदावलेली आम्हांला दिसत होती. षटक संपलें कीं तो कमरेच्या डाव्या बाजूला हात लावून उभा राही. आम्हीं विचारलें, "कसें आहे?" तो म्हणाला, "ठीक आहे, सर." आम्हांला तेंच उत्तर हवें होतें, म्हणून आम्हीं त्यावर विश्वास ठेवला. चेंडू टाकावयास नको म्हणणें मुलांना जमत नाहीं. त्यांच्या वतीनें नको म्हणणें हें मोठ्यांचें काम असतें. तें आम्हीं केलें नाहीं. तो सामना आम्हीं जिंकला. त्या वेळीं मिळालेला करंडक अजून कचेरीच्या कपाटांत आहे.

आठ दिवसांनीं त्या मुलास बुटाचे बंद बांधण्यासाठीं वांकतां येईना. नागपुरास डॉक्टरांना दाखविलें, तेव्हां कमरेच्या खालच्या मणक्यास बारीक चीर गेलेली आढळली. डॉक्टरांनीं तिचें कारण समजावून सांगितलें. कोंवळ्या वयांत मणक्याचें हाड पुरतें पक्कें झालेलें नसतें. वेगवान गोलंदाज पुढचा पाय आपटतो त्या क्षणीं शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार त्या पायांतून कमरेपर्यंत येतो, आणि त्याच क्षणीं धड एका बाजूस वांकतें व पिळलें जातें. म्हणून उजव्या हाताच्या गोलंदाजास ही चीर बहुधा डाव्या बाजूस पडते. असा भार अधूनमधून पडला तर हाड आपली झीज भरून काढतें. परंतु त्या कामाला विश्रांतीचे दिवस लागतात. ते दिवस आम्हीं त्याला दिले नव्हते. पुढील कित्येक महिने गोलंदाजी बंद, असा डॉक्टरांचा हुकूम झाला.

आम्ही त्याच्या घरीं गेलों, तेव्हां त्याचे वडील अंगणांत बसलेले होते. त्यांनीं आम्हांला चहा दिला, आणि कांहीं वेळानें ते शांतपणें म्हणाले, "गुरुजी, एका झाडावर वर्षांत दोन बहार घेतले तं झाड वाळते. तुमी तं माया पोरावर चार घेतले."

आम्हीं कांहीं उत्तर दिलें नाहीं. संत्र्याच्या मुलुखांत वाढलेल्या कोणासहि या बोलण्याचा अर्थ सांगावा लागत नाहीं. संत्र्याला आंबिया व मृग असे दोन बहार येऊं शकतात. परंतु जाणता बागाईतदार त्यांपैकीं एकच धरतो. त्या बहारापूर्वीं तो झाडाचें पाणी कांहीं आठवडे तोडतो. यालाच ताण देणें म्हणतात. त्या दिवसांत बाग उदास दिसते, पानें मलूल होतात, आणि नवख्या मनुष्यास वाटतें कीं मालकाचें बागेकडे दुर्लक्ष झालें. खरें पाहतां पुढच्या सर्व फळांची तयारी त्याच दिवसांत होत असते. हें आम्हीं लहानपणापासून पाहिलेलें होतें. मुलांच्या बाबतींत मात्र तें आमच्या ध्यानीं आलें नव्हतें.

त्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्हीं या विषयावर मिळेल तें वाचलें. अमेरिकेंत बेसबॉल म्हणून चेंडूफळीचा खेळ आहे. त्यांत चेंडू फेकणारास पिचर म्हणतात. पूर्वीं बहुधा एकच पिचर सामना अखेरपर्यंत नेई, आणि मध्येंच बदलला जाणें त्याला कमीपणाचें वाटे. १९२४ सालीं अजिंक्यपद मिळविणाऱ्या वॉशिंग्टनच्या संघांत फर्पो मारबेरी नांवाचा पिचर होता. पहिला पिचर थकला म्हणजे येऊन सामना सांभाळावयाचा, या कामानें तो प्रसिद्धीस आला. पुढें या मदतनीस पिचरांचा एक निराळा वर्गच निर्माण झाला. मैदानाच्या कडेला कुंपण घातलेल्या जागेंत ते बसतात, बोलावणें येण्याचा रंग दिसला कीं हात गरम करूं लागतात, आणि कित्येकदां बोलावणें न येतांच घरीं जातात. त्यांनीं राखलेल्या विजयांची अधिकृत नोंद १९६९ पासून होऊं लागली. न्यूयॉर्कच्या यांकी संघाचा मारियानो रिव्हेरा असे ६५२ सामने राखून २०१३ सालीं निवृत्त झाला. तेथील मोठ्या संघांत २६ खेळाडू असतात. २०२२ पासून त्यांतील पिचरांवर १३ ची मर्यादा आहे, आणि त्या तेरांतून सातआठ तरी या मदतीच्या कामासाठींच ठेवलेले असतात. हे सातआठ जण कोण, हें खेळ बंद असलेल्या हिवाळ्यांत ठरतें. वसंत ऋतूंत सामने सुरू झाल्यावर शोध घेणारा संघ मागें पडतो.

त्याहूनहि एका गोष्टीनें आम्हांला अधिक लाजविलें. त्याच देशांत मुलांसाठीं चेंडूंची मर्यादा सुचविलेली आहे. पंधरासोळा वर्षांच्या मुलानें एका दिवसांत ९५ हून अधिक चेंडू फेकूं नयेत, आणि ७५ हून अधिक फेकले तर पुढील चार दिवस विश्रांति घ्यावी, असा तो दंडक आहे. खेळ निराळा, हात फिरविण्याची रीतहि निराळी, हें खरें; तरीपण आमच्या मुलानें चार दिवसांत टाकलेले १८६ चेंडू आम्हांला त्या आकड्यांशेजारीं मांडवेनात.

क्रिकेटमध्यें तर अडचण अधिक बिकट. बेसबॉलमध्यें बाहेर बसलेला ताजा पिचर आंत येऊं शकतो. आपल्याकडे मात्र साधा बदली खेळाडू क्षेत्ररक्षण करील, पण त्याला गोलंदाजी करतां येत नाहीं. म्हणजे आपली राखीव फळी बाहेर ठेवून भागत नाहीं. ती मैदानांतील अकरा जणांतच असावी लागते. एकावर विसंबणाऱ्या कप्तानास ऐन वेळीं मागें वळून पाहण्यास कोणी उरत नाहीं.

याचें उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी करंडकासाठीं खेळत होता, परंतु साठ वर्षांत अंतिम सामना त्याच्या वांट्यास आला नव्हता. आमच्याच जिल्ह्यांत खापरखेड्याजवळ वलनी येथें, कोळशाच्या खाणीवर काम करणाऱ्या मनुष्याच्या घरीं वाढलेला उमेश यादव हा २०११ सालीं कसोटी सामना खेळणारा विदर्भाचा पहिला खेळाडू झाला. आतां असा एक मोठा गोलंदाज मिळाला कीं सर्व भार त्याच्यावर टाकण्याचा मोह कोणासहि होईल. परंतु २०१७-१८ च्या हंगामांत चंद्रकांत पंडित हे संघाचे शिक्षक व सुब्रतो बॅनर्जी हे गोलंदाजीचे शिक्षक असतांना जें घडलें, तें निराळें होतें. कोलकात्याच्या उपांत्य सामन्यांत कर्नाटकास अवघ्या १९८ धांवा हव्या होत्या. रजनीश गुरबाणी या स्थापत्यशास्त्राच्या पदवीधरानें त्या डावांत ६८ धांवांत ७ बळी घेतले, आणि विदर्भ ५ धांवांनीं जिंकला. पुढें २९ डिसेंबर २०१७ रोजीं इंदुरास दिल्लीविरुद्ध अंतिम सामना सुरू झाला, तेव्हां उमेश यादव भारतीय संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेस गेलेला होता. आपला सर्वांत मोठा गोलंदाज नाहीं, आणि साठ वर्षांतील सर्वांत मोठा सामना समोर! त्या जागीं अकोल्याचा एकोणीस वर्षांचा आदित्य ठाकरे आयुष्यांतील पहिलाच प्रथम श्रेणीचा सामना खेळावयास उतरला. गुरबाणीनें तीन चेंडूंत लागोपाठ तीन बळी घेतले. दिल्लीचा पहिला डाव २९५ धांवांवर आटोपला, आणि १ जानेवारी २०१८ रोजीं विदर्भानें नऊ गडी राखून करंडक जिंकला. लोकांना ते तीन चेंडू आठवतात. आम्हांला मात्र त्या उन्हाळ्यांत वाचतांना सारखें वाटत होतें कीं एकोणीस वर्षांचा तो मुलगा डिसेंबरांत एकाएकीं तयार झाला नसेल. कोणीतरी पुष्कळ आधीं, सामने नसतांना, त्याच्यासाठीं वेळ खर्च केला असला पाहिजे.

२०२३ च्या जूनमध्यें शाळा उघडली, त्याच आठवड्यांत आम्हीं चार मुलें निवडलीं. एक डावखुरा, मंद गतीचा; सुटींत संत्र्यांची प्रतवारी करण्यास जाई, त्यामुळें त्याच्या बोटांत फळ फिरवून पाहण्याची संवय मुरलेली. दुसरा ठेंगणा, भरीव बांध्याचा, शेजारच्या गांवाहून एस्. टी. नें येणारा. तिसरा मूळचा फलंदाज, ज्याला आपण चेंडूहि वळवूं शकतों याचा पत्ताच नव्हता. चौथा सर्वांत उंच, हात सर्वांत मोकळा, परंतु मनानें फार हळवा. चौघांपैकीं एकहि आमच्या जुन्या गोलंदाजाच्या तोडीचा नव्हता. तसा दुसरा शोधण्याचा आमचा उद्देशहि नव्हता. एकाचा भार चौघांनीं वांटून घ्यावा, एवढेंच आम्हांला हवें होतें.

पहिली अडचण चेंडूचीच निघाली. खेड्यांतील मुलें टेनिसच्या चेंडूवर वाढतात. त्याचें वजन सुमारें ५८ ग्रॅम. कातडी चेंडूचें १५६ ग्रॅम किंवा थोडें अधिक. म्हणजे मुलाच्या हातांत एकदम जवळजवळ तिप्पट वजन येतें, आणि आम्ही आजवर तें ऑक्टोबराच्या पहिल्या दिवशीं देत होतों. त्या वर्षीं आम्हीं तें पावसाळाभर हळूहळू दिलें. आठवड्यांतून तीन दिवस कातडी चेंडू. प्रथम दिवसाला १८ चेंडू, मग २४, मग ३०, आणि सप्टेंबरअखेर ४८. पावसाची झड असली म्हणजे शाळेच्या लांब ओसरींत, भिंतीवर खडूनें काढलेल्या चौकोनावर उभ्या उभ्या चेंडू टाकावयाचे. उघाड पडली म्हणजे मागच्या अंगणांतील सिमेंटच्या पट्टीवर काथ्याची चटई अंथरावयाची. उरलेल्या दिवशीं दोरीवरच्या उड्या, सडकेनें धांवणें, पोटाचे व पाठीचे व्यायाम. संध्याकाळीं गांवांत टेनिसच्या चेंडूनें कोणी खेळला तर तेंहि येऊन सांगावयाचें. खांद्याला शाळेचा चेंडू निराळा आणि गांवचा निराळा, असें कळत नाहीं. शेवटीं एक नियम ठरला: एका दमांत चार षटकें, एका दिवसांत आठ, त्यापुढें नाहीं, मग सामना कोणताहि असो.

हा सर्व हिशेब ठेवणार कोण, असा प्रश्न आला. आम्हीं दोनशें पानी एक वही आणली आणि ती जायबंदी झालेल्या आमच्या जुन्या गोलंदाजाच्या हातीं दिली. खरें सांगावयाचें तर त्याला मैदानापासून दूर जाऊं न देण्याचा तो एक बहाणा होता. पहिले कांहीं दिवस तो ओसरीच्या पायरीवर बसून मुकाट्यानें आंकडे लिही. पुढें आंकड्यांशेजारीं शेरे दिसूं लागले. 'आज पाऊल वाकडें पडतें.' 'विसाव्या चेंडूनंतर डावा खांदा लौकर खालीं येतो.' 'घरीं ताप होता, सांगितलें नाहीं.' हें आम्हांला दिसलें नव्हतें. ज्याला दुखतें तोच दुखणें ओळखतो, हें त्या वहीनें आम्हांला शिकविलें.

ऑक्टोबरांत सरावाचे सामने सुरू झाले, आणि आमच्या हातून दुसरी चूक झाली. त्या उंच मुलाच्या पहिल्याच षटकांत तीन चौकार गेले. त्याचे डोळे भरून आले, तो वारंवार आमच्याकडे पाहूं लागला, आणि आम्हीं कप्तानाला खूण करून चेंडू त्याच्याकडून काढून घेवविला. पुढील तीन सामन्यांत त्याच्या हातीं चेंडू आलाच नाहीं. रोज वेळेवर येई, दोरीवर उड्या मारी, सीमारेषेवर धांवे आणि घरीं जाई. एके दिवशीं वहींत त्याच्या नांवापुढें ओळीनें तीन शून्यें लिहिलेलीं आम्हीं पाहिलीं. शेरा कांहींच नव्हता. त्या तीन शून्यांनीं आम्हांला विचारांत पाडलें. एका मुलाला आम्हीं मर्यादेबाहेर वापरलें होतें, आणि दुसऱ्याला मुळींच वापरीत नव्हतों. वरवर पाहतां या दोन उलट चुका. परंतु मूळ एकच. दोन्ही वेळां आम्हांला फक्त आजचा सामना दिसत होता.

राखीव खेळाडूचें शरीर घडविणें त्या मानानें सोपें; त्याचें मन राखणें कठीण. मला बोलावतील किंवा बोलावणारहि नाहींत, आणि बोलावतील तें सर्व बिघडल्यावरच, या स्थितींत दिवस काढावयास मोठीं माणसेंहि कंटाळतात. म्हणून आम्हीं आणखी एक नियम केला. सरावाच्या प्रत्येक सामन्यांत चौघांपैकीं प्रत्येकानें दोन षटकें टाकावयाचींच. मार पडला तरी दुसरें षटक चुकावयाचें नाहीं. त्या उंच मुलाला मार पुष्कळ पडला. परंतु दुसरें षटक आपलेंच आहे, हें कळल्यापासून तो आमच्याकडे पाहीनासा झाला.

डिसेंबरांत कसोटीचा दिवस आला. एकाच दिवशीं दोन सामने होते. सकाळचा आम्हीं जिंकला. दुपारच्या सामन्यांत शेवटचीं तीन षटकें उरलीं असतां समोरच्या संघास १४ धांवा हव्या होत्या व त्यांचे दोन गडी शिल्लक होते. आमच्या ठेंगण्या गोलंदाजानें नुकतेच तीन बळी घेतले होते. त्याच्याच हातीं चेंडू द्यावा, असें मैदानावरील प्रत्येकाला वाटत होतें, आम्हांलाहि वाटलें. कप्तानाला खूण करण्यासाठीं आमचा हात वर गेला. इतक्यांत शेजारीं उभ्या असलेल्या आमच्या जुन्या गोलंदाजानें वही उघडून आमच्यापुढें धरली आणि तो म्हणाला, "सर, त्याचीं आठ झालीं."

आम्हीं हात खालीं घेतला. अकरा महिन्यांपूर्वीं असें म्हणणारा कोणी आमच्या शेजारीं नव्हता.

चेंडू उंच मुलाकडे गेला. त्या षटकांत ९ धांवा गेल्या. पुढच्या षटकांत डावखुऱ्यानें दोनच धांवा देऊन एक गडी बाद केला. शेवटच्या षटकांत तीन धांवा हव्या, एक गडी बाकी. पुन्हां उंच मुलगा. पहिले तीन चेंडू निर्धाव गेले. चौथा बॅटीची कड घेऊन यष्टीमागून सीमेपार गेला, आणि आम्ही सामना हरलों.

मुलें परत आलीं, तेव्हां तो उंच मुलगा सर्वांच्या पुढें होता. त्याचे डोळे या वेळीं कोरडे होते. त्यानें विचारलें, "सर, उद्यां सरावाला मीच पहिलें षटक टाकूं का?" आम्ही उत्तर देण्यापूर्वींच वहीचें पान उलटून आमचा हिशेबनीस म्हणाला, "उद्यां नाहीं. परवां."

पुढें जानेवारींत डॉक्टरांनीं त्या मुलास हळूहळू चेंडू टाकण्याची परवानगी दिली. पहिल्या दिवशीं त्यानें सहा चेंडू टाकले. वही त्या वेळीं उंच मुलाच्या हातीं होती. सहावा चेंडू पडतांच त्यानें "बस्स" म्हटलें, आणि आमचा जुना गोलंदाज हंसत चेंडू खालीं ठेवून पायरीवर येऊन बसला. मार्चांत शालान्त परीक्षा देऊन तो शाळेंतून गेला; वही शाळेंतच राहिली. ती भरली, तेव्हां दुसरी आणली.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्यापैकीं पुष्कळांचीं नांवें संघाच्या यादींत शेवटीं असतील, आणि कांहींचीं सर्वांत वर. शेवटीं असणाऱ्यानें रिकामे महिने रिकामे समजूं नयेत. वर असणाऱ्यानें दुखत असतां "ठीक आहे" म्हणूं नये. आणि आमच्यासारख्या मोठ्यांनीं तें उत्तर ऐकून लगेच विश्वास ठेवूं नये. कपाटांतील करंडकाकडे आमचें लक्ष अलीकडे क्वचित् जातें. ती वही मात्र आम्ही दर जूनमध्यें उघडतों.